व्हिब्रिओवर हळद चालत नाही? दिव्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

खाडीतल्या कालवांतून नाहीतर तिसऱ्यांतून व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू वेगळा करायचा, त्यात कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) घालायचं आणि निळ्या एलईडीखाली ठेवायचं, की उजेडात कर्क्युमिन त्याला मारतं. ऐकायला सोपं, पण प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती जशाच्या तशा उगवतात. बहुतेक वेळा दिवा बरोबर असतो. उजेड पडेपर्यंत कर्क्युमिनच उरलेलं नसतं.

व्हिब्रिओ वाढवतो आपण अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) घातलेल्या अल्कधर्मी पोषक द्रवात. त्याचा पीएच साधारण ८.५, आणि कर्क्युमिनला अल्कली अजिबात सोसत नाही. पीएच ७.२ च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांवरसुद्धा अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के कर्क्युमिन विघटित होतं. पिवळा रंग लालसर झाला, तर समजा गेलं. समुद्राचं पाणी थेट वापरलं तरी तेच, त्याचा पीएच ८.१ च्या आसपास. वर पेप्टोन कर्क्युमिनला धरून ठेवतं आणि सिंगलेट ऑक्सिजनही (उजेडात कर्क्युमिनमुळे तयार होणारा, जिवाणू मारणारा ऑक्सिजन) गिळतं. म्हणून जिवाणू सेंट्रिफ्यूज करून ३ टक्के मिठाच्या, पीएच ६.५ च्या द्रावणात दोनदा धुवा. डिस्टिल्ड वॉटरने धुऊ नका. हा मिठातला जीव, त्यात आपोआप मरतो आणि श्रेय हळदीला जातं!

स्वयंपाकघरातली हळदपूड नको. तिच्यात कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्केच. पी हळद नि हो गोरी, असा हा मामला नाही. शुद्ध कर्क्युमिन ३.७ मिलिग्रॅम, १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात विरघळवा: झाला १० मिलिमोलर स्टॉक. दर मिलिलिटर जिवाणूंना त्यातले २ मायक्रोलिटर, म्हणजे २० मायक्रोमोलर. अंधारात १० मिनिटं ठेवून लगेच उजेड द्या.

द्रावणाची खोली २-३ मिलिमीटरच ठेवा. या प्रमाणात १ सेंटिमीटर थर असेल, तर ४३० नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडातला दहावा हिस्सासुद्धा तळाशी पोचत नाही. पावसाळ्यात झाकणावर आतून दव धरतं, ते उजेड पसरवतं. झाकण काढून ठेवा.

मात्रेचा हिशेब: चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट असतील, तर चौरस सेंटिमीटरला १० जूल द्यायला ३३३ सेकंद, साडेपाच मिनिटं. मीटरने मोजा, एलईडीच्या खोक्यावरचे वॅट धरू नका.

चार नळ्या हव्यातच: दोन्ही नाही, फक्त कर्क्युमिन, फक्त उजेड, दोन्ही. कर्क्युमिनच्या नळीसारखंच डीएमएसओ बाकीच्यांतही घाला. ‘फक्त उजेड’च्या नळीतही वसाहतींचा आकडा घसरला, तर थर्मामीटर बुडवून बघा, एलईडीच्या उष्णतेने द्रावण तापलेलं असण्याची शक्यता मोठी. पंखा लावा आणि पुन्हा मोजा.