लिनक्स कर्नलमध्ये एक्स.२५ चालू करणे

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतलं एखादं जुनं यंत्र अजून एक्स.२५ वरच (जुन्या पॅकेट-नेटवर्कचा प्रोटोकॉल) बोलत असेल, तर लगेच कर्नल (लिनक्सचा गाभा) सोर्सपासून नव्याने बांधायला घेऊ नका. आधी 'मॉडप्रोब एक्स२५' चालवून बघा. उबुंटूत हे मॉड्यूल (कर्नलला हवं तेव्हा जोडता येणारा भाग) बहुधा 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' पॅकेजात मिळतं. मात्र फारशी न वापरली जाणारी प्रोटोकॉल तिथे सुरक्षेसाठी आपोआप लोड होत नाहीत. म्हणून सॉकेट उघडताना 'ॲड्रेस फॅमिली सपोर्टेड नाही' अशी एरर येते. मॉड्यूल हाताने लोड करा, किंवा मॉडप्रोबच्या ब्लॅकलिस्ट फाइलमधली 'नेट-पीएफ-९' (एक्स.२५ चा क्रमांक) ची ओळ काढा.

मॉड्यूल नसेलच, तर बूट फोल्डरमधली चालू कॉन्फिग फाइल सोर्समध्ये आणून 'मेक मेन्यूकॉन्फिग' चालवा. नेटवर्किंग ऑप्शन्समध्ये एक्स.२५ पॅकेट लेयर आणि लॅप-बी (त्याच्या खालच्या थराचा प्रोटोकॉल), दोन्हींवर 'एम' (म्हणजे मॉड्यूल) लावा. हे दोन्ही लावल्याशिवाय वॅन इंटरफेसमधला 'लॅप-बी ओव्हर इथरनेट' ड्रायव्हर मेन्यूत दिसतच नाही. बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. उबुंटूची कॉन्फिग वापरताना त्यातलं 'सिस्टम ट्रस्टेड कीज' हे सेटिंग रिकामं करा, नाहीतर सर्टिफिकेट फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड थांबतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं जातं.

लोड झाल्यावर प्रॉक-नेटखाली 'एक्स२५' फोल्डर दिसतं. त्यातल्या 'रूट' (मार्गांची यादी) फाइलमध्ये मथळ्याखाली एकही ओळ नसेल तर मार्ग अजून जोडलेला नाही, कॉल लागणार नाही. पॅकेट साइज दोन्हीकडे जुळवा: मूळ मूल्य १२८ बाइट, विंडो (पोच न येता पाठवता येणारी पॅकेट्स) २. मशिनला दोन एक्स.२५ लाइन्समधला दुवा करायचं असेल तर सिस्कंट्रोलमधलं (कर्नलची चालू सेटिंग्ज) 'एक्स२५_फॉरवर्ड' १ करा; ते मुळात ० असतं.