जलाशयावरची मासेमारी आणि संवर्धनाचे नियम: नव्याने काम करणाऱ्यांसाठी

मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन सातारा जिल्ह्यातल्या धरणांवर कामाला येणाऱ्या मुलामुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: कायद्याची कलमे पाठ करण्याआधी मच्छीमार कुटुंबाचा वर्षभराचा जमाखर्च समजून घ्या. नियम कुठे पाळला जातो आणि कुठे मोडला जातो, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या जमाखर्चातच सापडते. धोम, कण्हेर, उरमोडी अशा जलाशयांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थेला ठेक्याची रक्कम भरावी लागते आणि मत्स्यबीजही सोडावे लागते. सभासदाच्या घरची चूल मात्र त्या दिवशीच्या मासळीवर पेटते.

रत्नागिरीच्या शिरगावला, मत्स्य महाविद्यालयात, शिकून आलेल्यांच्या डोक्यात 1 जून ते 31 जुलै ही बंदी पक्की बसलेली असते. ती समुद्रासाठी आहे. इथे ठेक्याच्या अटी वाचाव्या लागतात. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून मनाई आहे, आणि त्याबाबत कोणतीही तडजोड करू नये. कोयनेचा शिवसागर आणि वारणेचा वसंत सागर यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे तिथे मत्स्यव्यवसाय विभागाबरोबर वन विभागाची हद्दही तपासावी लागते.

कटला, रोहू आणि मृगळ साधारण दुसऱ्या वर्षी वयात येतात आणि पावसाळ्यात वाहते पाणी मिळाले तरच अंडी देतात. म्हणून आषाढात, नदी जिथे जलाशयाला मिळते त्या तोंडाशी हे मासे गोळा होतात, आणि नेमके तिथेच कमी कष्टात जास्त माल मिळतो. त्या दिवसांत पकडलेली रोहूची मादी चिरली, तर गाभोळीच्या दोन जाड लडी पोटाची सगळी पोकळी व्यापून बसलेल्या दिसतात. एक किलो वजनामागे दोन ते तीन लाख अंडी असतात. सभासदांसमोर अशी एक मादी चिरून दाखवावी. माझ्या अनुभवात परिपत्रक वाचून दाखवण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

दुसरा विषय जाळ्याच्या आसेचा, म्हणजे जाळ्यातल्या एकेका छिद्राचा. भिजलेल्या कांडाळाची (मासा कल्ल्याशी अडकतो त्या उभ्या जाळ्याची) एक आस ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधले अंतर स्वतः मोजावे, दुकानदाराने सांगितलेल्या मापावर विसंबू नये. बारीक आसेच्या जाळ्यात पाव किलोचा रोहू येतो, ज्याला भावही कमी मिळतो आणि ज्याने एकदाही अंडी दिलेली नसतात. हे मच्छीमाराला तुमच्याआधी कळलेले असते. तरीही तो बारीक जाळे टाकतो, कारण होडी आणि जाळ्यासाठी त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मिळेल तो माल त्यालाच घालावा लागतो. म्हणून आसेचा नियम सांगायला जाताना किसान क्रेडिट कार्डाचा अर्जही सोबत न्यावा. 2018-19 पासून मच्छीमारांना ते मिळू शकते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छीमाराचे 1,500 आणि सरकारचे 3,000 रुपये अशी मदतीची तरतूद ठेवली गेली. ही रक्कम तुटपुंजी आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण म्हणून ती सोडून देऊ नये.

सरसकट बंदीपेक्षा नदीच्या तोंडाशी बंदी आणि उरलेल्या पाण्यात चिलापी (तिलापिया) पकडण्याची मुभा, हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. चिलापी साचलेल्या पाण्यातही वर्षात अनेकदा वीण घालते, त्यामुळे ती काढल्याने नुकसान होत नाही, उलट कटला-रोहूचे खाद्य वाचते. मात्र त्या नावाखाली बारीक आसेचे ओढजाळे फिरू देऊ नये, कारण पावसाळ्यातच सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, त्यात सापडते. गळाने चिलापी धरली तर चालते. बोटुकलीसुद्धा आठ-दहा सेंटीमीटरची झाल्यावरच सोडावी, नाहीतर मरळ हा शिकारी मासा तिचा फडशा पाडतो.

काट्यावर येणाऱ्या मालाची जात, लांबी आणि वजन रोज वहीत उतरवावे, आणि ती वही संस्थेच्या सभेत सभासदांपुढे ठेवूनच बंदीचा ठराव मांडावा. ही सभा ज्येष्ठ लागण्यापूर्वी व्हायला हवी, कारण नदीला पहिले गढूळ पाणी आले की तोंडाशी जाळी पडायला एक रात्रही लागत नाही.