विकास आराखड्यावर सूचना कशी लिहावी: सोलापूरकरांसाठी

शहरातली कोणती जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे त्याचा मसुदा, प्रसिद्ध झाला की बहुतेक जण नकाशात आधी आपला प्लॉट शोधतात आणि तो रस्त्यात किंवा आरक्षणात (बाग, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेत) जात नाही, एवढे पाहून निश्चिंत होतात. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार मागवल्या जाणाऱ्या हरकती आणि सूचना केवळ जागामालकांसाठी नसतात. भाडेकरू आणि विडी कामगार यांनीही त्या अवश्य द्याव्यात.

नकाशा उघडण्यापूर्वी आपल्या भागातून सकाळी, भर उन्हात आणि यंत्रमागाची पाळी सुटताना असे तीनदा पायी फिरावे. सावली कुठे आहे, लोक कुठे टेकतात, मुले कुठे खेळतात हे वहीत टिपावे. पूर्वभागातल्या गल्ल्यांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका ओट्यावर बसलेल्या दिसतील. तो ओटा म्हणजे त्यांचा कारखाना. शेजारणीशी बोलणे आणि पोरांवर नजर ठेवणे तिथूनच चालते. रस्तारुंदीत तो गेला, तर नकाशावर दोन-तीन फूटच कमी होतात, पण गल्लीतला एकमेकांचा आधार तुटतो. माझ्या मते शहर वसते ते या आधारासाठी, म्हणून सूचनेत पहिला मान त्याला द्यावा.

नकाशावर मोकळी दिसणारी जागा रिकामीच असते असे नाही. होम मैदान वर्षातले अनेक दिवस ओस वाटते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली की सगळे सोलापूर तिथे लोटते. अशा जागेचा वापर वर्षभराच्या हिशेबाने लिहावा.

पत्र मुदतीत द्यावे आणि एका पत्रात एकच मुद्दा मांडावा. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि जवळची ठळक खूण नमूद करावी. “येथे बाग हवी” एवढ्याने भागत नाही. “या गल्लीतील मुलांना मैदानासाठी मोठा रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून अलीकडच्या बाजूचा अमुक भूखंड खेळासाठी राखावा” असे कारण आणि पर्याय जोडून लिहावे. सोबत हाताने काढलेला नकाशा, फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या द्याव्यात. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पुढे कलम २८ खालील नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तिथे रोज ती गैरसोय सोसणाऱ्या व्यक्तीनेच बोलावे. वकिली भाषेची गरज नसते.

आराखडा मंजूर झाल्यावरही आरक्षण सुरक्षित राहते असे समजू नये. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ नुसार मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत नियोजन प्राधिकरणाने संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून आराखडा अमलात आल्याची तारीख पोचपावतीवरच लिहून ठेवावी आणि आठव्या वर्षापासून त्या मैदानाच्या संपादनाची लेखी विचारणा सुरू करावी.