२५ जूनला मायकल जॅक्सन ऐकायचा असेल तर कसा ऐकायचा

आमच्या सांगलीतल्या घरी दरवर्षी २५ जूनला संध्याकाळी सातला मायकल जॅक्सन लागतो. २००९ ला तो गेला त्याच्या पुढच्या वर्षीपासून एकदाही चुकलेलं नाही. ओळखीतले विचारतात, नेमकं करता काय, फोटोला हार वगैरे घालता का. हार नाही, भाषण नाही, फक्त गाणी. शेजारी मिरजेत बघा ना, अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले तरी अजून उरसात दर्ग्यात लोक येऊन त्यांच्यासाठी गातात आणि बाकीचे मांडी घालून ऐकत बसतात. गाणाऱ्याची आठवण अशी काढायची हे आम्ही तिथंच बघितलं, मग गाणारा अमेरिकेतला असला म्हणून काय झालं.

तर पहिली गोष्ट म्हणजे दीड तास मोकळा काढा आणि शफल बंद करा. गाणी सालवार लावायची, हे मी फार आग्रहानं सांगतो, कारण उड्या मारत ऐकलं की फक्त हिट गाणी ऐकल्यासारखं होतं, माणूस हाताला लागत नाही. स्पीकर दुपारीच चार्ज करून ठेवा, जूनमध्ये पाऊस आला की लाईट जाणारच.

जुन्या कॅसेट असतील तर आधी उजेडात धरून बघा, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, एक कॅसेट सगळं हेड खराब करते आणि मग त्यावर लावलेली प्रत्येक कॅसेट घोगरी वाजते. बरी असेल तर एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, हेड कापसाला स्पिरिट लावून पुसा, मग लावा. आमची 'डेंजरस'ची कॅसेट २००५ च्या पुरात गावभागातल्या घरात पाण्याखाली होती, ती वाजत नाही, पण त्या दिवशी ती स्पीकरशेजारी ठेवतो.

सुरुवात १९६९ पासून, 'आय वाँट यू बॅक'. भावांबरोबर गातोय, वय अकरा. नाचायचं गाणं आहे ते, पण पहिल्यांदा नाचू नका, नुसता आवाज ऐका, इतक्या लहान पोराच्या गळ्यात इतकी तयारी कुठून आली असेल याचा विचार करा. तालमीत वडील मारायचे हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलंय, ते माहीत असलं की हे गाणं वेगळं ऐकू येतं. मग १९७९ च्या 'ऑफ द वॉल'मधलं 'शीज आउट ऑफ माय लाइफ', शेवटी शेवटी आवाज फुटतो बघा, रेकॉर्डिंगला दरवेळी तिथं रडू यायचं म्हणून निर्माते क्विन्सी जोन्सनी ते तसंच ठेवलं.

आता १९८२ च्या 'थ्रिलर'मधलं 'बिली जीन'. इथं हेडफोन घ्या आणि एकेकानं ऐका, घाई नको. आधी नुसता ड्रम, दोन क्षण दुसरं काहीच नाही, मग खालून बेस चालत येतो, मग कीबोर्डचे सूर आणि आवाज यायला जवळजवळ अर्धा मिनिट जातो. क्विन्सी जोन्सना ही सुरुवात लांबलेली वाटत होती, कमी करू म्हणत होते, पण यानं ऐकलं नाही, तेवढ्यावरच त्याला नाचावंसं वाटायचं. शब्दांच्या मधे तो श्वास घेतो, उचकीसारखा आवाज काढतो, जीभ टाळ्याला लावतो, ते सगळं तालात बसलंय, म्हणजे गळ्यानं गाणं आणि ठेका दोन्ही चाललंय. तीनदा ऐकलं तर तिन्ही वेळा काहीतरी नवीन सापडतं. त्यानंतर 'बीट इट' लावा, त्यातला गिटारचा तुकडा रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं एक पैसा न घेता वाजवलाय.

पेटी वाजवणारं कुणी घरात असेल तर १९८७ चं 'मॅन इन द मिरर' त्यांच्यासाठी. गाणं पांढरी पाचमध्ये चाललेलं असतं आणि बदल म्हणजे 'चेंज' हा शब्द येतो त्याच शब्दावर पट्टी काळी चार होते, मागून कॉयर उठतो. माझ्या भाचीनं पेटीवर धरून बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

इथं थांबायचं. चहा टाका, भडंग घ्या आणि आरोपांचं बोला. हे मी कधीच टाळत नाही, आणि लहान पोरं असतील तर त्यांच्या वयाला झेपेल असं सांगायचं. १९९३ मध्ये एका मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, १९९४ मध्ये तो दिवाणी दावा पैसे देऊन कोर्टाबाहेर मिटला. दुसऱ्या एका मुलाच्या प्रकरणात २००५ मध्ये खटला चालला आणि ज्युरीनं सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. २०१९ च्या माहितीपटात दोन माणसांनी लहानपणी आपल्यावर काय झालं ते तपशिलात सांगितलं, त्याच्या घरच्यांनी ते नाकारलं, कॅनडा-न्यूझीलंडमधल्या काही रेडिओवाल्यांनी गाणी बंद केली. एवढं सगळं, यातलं काहीही न गाळता सांगायचं.

भाचीनं विचारलं होतं, मामा मग तुम्ही का ऐकता. मी म्हटलं, हा आवाज माझ्यात आठवीपासून आहे, तो मला काढून टाकता येत नाही, पण त्यासाठी मी त्या दोघांना खोटारडे म्हणणार नाही. फॅन लोकांना माझं हेच हात जोडून सांगणं आहे, गाण्यावरच्या प्रेमापोटी तक्रार करणाऱ्याला शिव्या घालू नका, लहानपणी सोसलेलं माणूस तुमच्याच घरात बसलेलं असू शकतं आणि ते तुमचं बोलणं ऐकत असतं. आमच्यात दरवर्षी येणारा एक मित्र २०१९ पासून येत नाही. मी एकदाही त्याला का म्हणून विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नेहमीसारखे आयर्विन पुलावर फिरायला जातो.

चहानंतर कुणाला उठायचं असेल तर उठू द्या.

मग माझ्या आत्यासाठी एक गोष्ट. तिला कोड आहे. आम्ही शाळेत असताना सगळी म्हणायची, जॅक्सननं गोरं व्हायला कातडी सोलून घेतली, आणि मी पण म्हणायचो. १९९३ मध्ये त्यानं टीव्हीवर ओप्रा विन्फ्रेला सांगितलं की मला त्वचेचा आजार आहे, लोकांनी विश्वास ठेवला नाही, मेल्यावर शवविच्छेदनात कोड असल्याचं आलं. मी हे आत्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती हातावरचा पदर नीट करत होती. ती थांबली आणि म्हणाली, म्हणजे तो पण मेकअप करून झाकत होता व्हय रे. तेव्हापासून ती दरवर्षी येते, इंग्रजी एक अक्षर कळत नाही, भिंतीला टेकून डोळे मिटून बसते. तुमच्याकडं अशी कुणी असेल तर तिला आधी बोलवा.

१९९६ ला १ नोव्हेंबरला मुंबईत अंधेरीला जॅक्सन कार्यक्रमाला आला होता तेव्हा आमच्या गल्लीतली दोघं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेली होती. आता पन्नाशीला आलीत. त्यांना जे आठवेल ते बोलू द्यायचं, मधे गाणं लावायचं नाही.

शेवटी 'थ्रिलर'मधलंच 'ह्युमन नेचर', सालवारचा नियम इथं मी मोडतो. आवाज अगदी कमी, बाहेरचा पाऊस ऐकू येईल एवढाच. संपलं की दुसरं काही आपोआप सुरू होणार नाही असं आधीच सेटिंग करून ठेवा. आमच्याकडं आत्या डोळे उघडत नाही तोवर कुणी लाईट लावत नाही.