सरकारी नोकरी सोडण्यापूर्वीची तयारी

राजीनामा देणे आणि राजीनामा मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा कळले. पंचायत समितीत आवक लिपिकाच्या टेबलावर अर्ज ठेवून, पोचही न घेता, महिना भरताच मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात रुजू होण्यास गेलो. तेथे कार्यमुक्तीचा आदेश मागितला गेला आणि तो माझ्याजवळ नव्हता. इकडे कार्यालयाने मला अनधिकृत गैरहजर ठरवले. ती नोटीस गावी आली, बाबांनी पोस्टमनपुढे थरथरत्या हाताने सही करून घेतली. दोन महिने कुठलाच पगार नव्हता आणि त्या वर्षीची सोयाबीनची पेरणी उसनवारीवर झाली. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक आणि गोल शिक्का घ्यावा, आणि नियुक्ती प्राधिकाऱ्याचा लेखी मंजुरी आदेश हाती येईपर्यंत कामावर जात राहावे. "होऊन जाईल, तुम्ही जा," या तोंडी शब्दावर कोणीही विसंबू नये.

अर्ज लिहिण्याआधी सेवापुस्तक मागवून सेवा मोजावी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ४६ नुसार राजीनाम्याने पूर्वीची सेवा जप्त होते, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही. मात्र २० वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा झाली असल्यास नियम ६६ खाली तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. एकोणीस वर्षे झालेल्याने राजीनामा लिहिणे म्हणजे तोंडाशी आलेला घास टाकून देणे होय. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर लागलेल्यांनी प्रान क्रमांक, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील (एनपीएस) आपला कायम खाते क्रमांक, जपावा. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत घ्यावी, कारण एकदा बाहेर पडल्यावर आस्थापना शाखेत आपल्या कागदासाठी कोणी कपाट उघडत नाही.

पगारदार पतसंस्थेचे कर्ज आधी फेडावे. हप्ता थकला की वसुली जामीनदार सहकाऱ्याच्या पगारातून होते, आणि तो सहकारी बहुधा आपल्याच तालुक्यातला असतो. घरासाठी कर्ज काढायचे असल्यास पगारपत्रक चालू असतानाच काढावे. कुटुंबाचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच उतरवावा. जून-जुलैत नोकरी सोडू नये; बियाण्याला आणि खताला तोच पगार लागतो.

ना-देय प्रमाणपत्र (काही देणे बाकी नसल्याचा दाखला) आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र घ्यावे, कार्यभार हस्तांतरणाची यादी करावी, निवासस्थानाची किल्ली सोपवावी. ओळखपत्र परत करावे.

मंजुरीचा आदेश पुन्हा एकदा वाचावा, त्यातील नाव, पदनाम आणि कार्यमुक्तीचा दिनांक तपासावा, आणि त्यानंतरच बुटीबोरीत खोली पाहावी.