जमावबंदीचा आदेश कोर्टात मांडताना

पणजीच्या आझाद मैदानावर मोर्चा जाहीर होतो, आदल्या दिवशी जमावबंदी लागते, संध्याकाळी याचिका येते आणि सकाळी पर्वरीला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापुढे सुनावणी. नव्या सरकारी वकिलाला हे आज ना उद्या वाट्याला येतंच. मी निवृत्त झालो, तरी फोंड्यातले तरुण वकील मला अजून तेच विचारतात: मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन आला तर काय करायचं?

फोन घ्यायचा. लोकांनी निवडून दिलेलं सरकार आहे. आपली बाजू नीट मांडली जावी असं त्याला वाटणारच. पण फोनवरचं बोलणं म्हणजे इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे कोर्टात काय मांडायचं याच्या अधिकृत सूचना, नव्हेत. त्या सूचना खात्याकडून लेखी घ्या. मग जिल्हाधिकारी कार्यालयातून मूळ फाईल मागवा, झेरॉक्स नको. पोलिसांच्या अहवालाची तारीख आधी बघा. अहवाल आदेशानंतरचा निघाला, तर आदेशाचा पायाच गेला. मग कोणीतरी म्हणतं, "सर, ॲफिडेव्हिटात घालूया ना." तसं चालत नाही. आदेशात नसलेली कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात घालता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल प्रकरणात १९७७ सालीच सांगितलंय. २०२० चा अनुराधा भसीन निकालही सोबत ठेवा: सनदशीर विरोध दडपायला जमावबंदी वापरता येत नाही. जमावबंदीचं जुनं कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे.

फाईल कच्ची असेल तर रात्रीच स्पष्ट सांगा, आणि सांगताना वाटही दाखवा. शिगम्याच्या मिरवणुकीमुळे गर्दीची अडचण खरी असेल, तर मार्ग, वेळ, स्वयंसेवक अशा अटी घालून परवानगी द्यायला सुचवा. किती पोलीस लावायचे, अपील करायचं की नाही, हे सरकारने ठरवावं. तिथे राजकारण असणारच आणि ते रास्त आहे. कोर्टापुढे सांगितलेली वस्तुस्थिती खरी आहे का, याची जबाबदारी मात्र तुमची. मला स्वतःला कधी केस हरण्याची भीती वाटली नाही. भीती वाटायची ती माझ्या तोंडून न्यायाधीशांना खोटं सांगितलं जाण्याची.

निवडणूक जवळ आली की उलटा दबाव येतो: आंदोलकांवरचे खटले मागे घ्या. यातले कित्येक खटले मुळात घालायलाच नको होते, असं माझं मत आहे. तरी त्याच संहितेच्या कलम ३६० खालचा खटला मागे घेण्याचा अर्ज मंत्रिमंडळाने ठरवलं एवढ्यावर करू नका. सरकारी अभियोक्त्याने स्वतः कागद वाचून मत बनवायचं असतं, कोर्टाची संमती लागते, आणि नव्या कायद्यात पीडितालाही ऐकून घ्यावं लागतं. दगड लागून जखमी झालेला शिपाई असेल, तर त्याला नोटीस गेली का ते बघा.

एवढं करूनही वरून हट्ट चालूच राहिला, तर आपलं मत ॲडव्होकेट जनरलना, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांना, लेखी कळवा आणि ब्रीफ, म्हणजे तुमच्याकडे सोपवलेलं प्रकरण, परत करा. उभं राहून मुद्दाम मिळमिळीत युक्तिवाद करणं ही दोन्ही बाजूंची फसवणूक आहे. ब्रीफ परत करायची ती आदल्या रात्रीच. तुमच्या जागी येणाऱ्याला फाईल वाचायला वेळ मिळाला पाहिजे.