मळभ आले आहे, अळसांद्यांचे शेंडे आजच बघा

वायंगणी (भातानंतरच्या हिवाळी हंगामातले) अळसांदे, म्हणजे चवळी, आता चार-सहा पानांवर असतील, आणि मळभ हटत नाही. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, वाढायचे हेच दिवस. आज परसात जाल तेव्हा वेलाचा शेंडा उलटून बघा. कोवळ्या पानामागे आणि देठाच्या बेचक्यात काळा मावा खसखशीसारखा चिकटलेला असतो. तो एकवेळ नजरेतून सुटेल, दांड्यावरून वर-खाली करणाऱ्या मुंग्या सुटणार नाहीत. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या चढतात. मुंगी दिसली की मावा आहेच असे मी धरून चालतो.

लोक पाणी घालतात आणि मागे फिरतात, शेंड्याला हात कोणी लावत नाही. फुलावर आल्यावर शेंडे आकसतात, पाने काळी पडतात, तेव्हा दुकानाकडे धाव. गेल्या हंगामात आमच्या वाड्यावर एकाला महागडे टॉनिक आणि जहाल औषध, दोन्ही गळ्यात मारले. शेंगा तोणाकापुरत्यासुद्धा (एका वेळच्या रश्शापुरत्या) मिळाल्या नाहीत. टॉनिकने मावा मरत नाही हो! आणि परसातली शेंग आपण आज तोडून आजच शिजवतो, तिच्यावर जहाल औषध कशाला?

थोडा मावा असेल तर बोटांनी चिरडा. शेंडा भरलेला असेल तर खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याने पुन्हा. पहाटे दवावर चुलीची राख भुरभुरवली तरी मावा कमी होतो, असा माझा अनुभव आहे, शिफारशीत ते नाही. लाल ठिपकेवाले ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर मारू नका, ते मावाच खातात.

पेरणी राहिली असेल त्यांच्यासाठी:
– भातकापणीनंतरच्या ओलीवर पेरा, साचल्या पाण्यात नको
– किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू खत) चोळून, सावलीत सुकवून
– ओळींत 45, रोपांत 15 सेंटीमीटर
– युरिया हात राखून, माजलेल्या शेंड्यावर मावा आधी बसतो

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे आणि सुरकुत्या असलेले रोप उपटून जाळा. तो मोझॅक, विषाणूचा रोग. मावा तो वेलावरून वेलावर नेतो आणि बियाण्यातूनही तो पुढच्या वर्षी येतो. बियाण्यासाठी ठेवायच्या निरोगी वेलाला आताच चिंधी बांधा, शेंगा सुकल्यावर कुठला वेल कसा होता ते ओळखू येत नाही.